पांढऱ्या सायकलीचा खांदा

वाशीमला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी ना माझं गाव विचारलं, ना नोकरी. गेटातच माझ्या स्कूटीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बाकीचं मागून पाहू, मॅडम. पयले हे सांगा, तुमच्या गाडीचं स्टँड कोन्त्या बाजूले पडते?"

"डाव्या," मी म्हटलं.

"मंग गाडी भितीकडून लागन. तुमचा मुक्काम वरच्या खोलीत, पन गाडीचा मुक्काम मी सांगन तिथी."

मी नाशिककडची. वाशीमच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती आणि स्टेशनकडच्या ले-आउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीतलं, हे घर कुणीतरी सुचवलं होतं. ही कसली अट, असं मनात म्हणत मी वळले, तर जिन्याखाली पांढरी चादर पांघरून कुणीतरी बसलेलं. घरातलं आजारी माणूस यांनी जिन्याखाली ठेवलंय की काय, म्हणून मी चरकलेच. काकाजींनी चादर हळूच उचलली. खाली सायकल होती.

काकाजी हे त्यांचं ले-आउटमधलं नाव. सगळे म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. सायकल गिअरवाली, जाड टायरांची, डोंगरात चालवायची. रंग पांढरा, पण चुन्यासारखा भगभगीत नव्हे, साय धरलेल्या दुधासारखा. पुण्याच्या मुलानं ती धाडली होती, कारण निवृत्तीनंतर काकाजींच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मुलाला वाटलं, वडील सायकल चालवतील. वडील सायकल सांभाळायला लागले. चालवत नसत असं नाही. पण फिरून आल्यावर स्वतःचा घाम पुसायच्या आधी ते खाली वाकून सायकलीचं पोट तपासत.

काकाजी कोर्टात बेलिफ होते. समन्स-नोटिसा घेऊन गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचा कागद त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची आणि परत यायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. तेही एका काळ्या सायकलवर. तिचं मडगार्ड इतकं वाजायचं, की ते गावात शिरायच्या आधीच लोकांना कळायचं आणि ज्यांना लपायचं असेल ते लपायचे. त्या सायकलला त्यांनी कधी फडकं लावलं नव्हतं. काकू म्हणायच्या, "थे सायकल चिखलानंच उभी राहे, तिले स्टँड लागत नव्हतं. अन् आता पाहा. देवाची आंघोळ मांगून, हिची पयले."

त्या आंघोळीचीही रीत होती. पाइपानं जोरात पाणी मारायचं नाही. आधी मगातून हळूहळू पाणी सोडून धूळ उतरवायची, मग जुन्या बनियनचं ओलं फडकं, मग कोरडं. एकदा मी जाता जाता, चांगुलपणानं, ओढणीच्या टोकानं सायकलीवरची धूळ झटकली. काकाजी ओरडले नाहीत, पण दाढ दुखावी तसा चेहरा केला. "मॅडम, धूळ म्हनजे बारीक गिट्टीच असते. कोरडी पुसली का पॉलिश पेपर मारल्यासारकं होते." त्या दिवसापासून मी त्या सायकलीजवळून हात मागे बांधून जायला लागले.

जिथं काही घासतं तिथं त्यांनी बंदोबस्त केला होता. चेन उडून मागच्या दांडीला लागते, म्हणून तिथं जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. हँडलखाली ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी दांडीला घासतात, तिथं पारदर्शक फिल्म. ही फिल्म ते मोबाईलच्या दुकानातून आणायचे. दुकानदारानं पहिल्यांदा मोबाईलचं मॉडेल विचारलं, तेव्हा हे बाहेर गेले आणि सायकलच दुकानात घेऊन आले. पाण्याच्या बाटलीखाली फिल्म, चाकाची गिट्टी, म्हणजे खडी, उडते तिथं फिल्म, बुटाची टाच लागते तिथं फिल्म. काकू म्हणाल्या, "मले लग्नात याईनं एवढं झाकलं नव्हतं."

मी कॉलेजात विज्ञान शिकवते, तेव्हा गप्प बसणं अवघडच. एकदा त्यांना सांगितलं, "काकाजी, ही ॲल्युमिनियमची आहे. रंग गेला तरी ही काही लोखंडासारखी गंजणार नाही."

त्यांनी विचार केला. "गंजत नसन," म्हणाले, "पन लाज तं जाते."



इतकं करूनही ओरखडा पडायचा. मग पंचनामा. सकाळी मी घाईघाईत डबा भरत असताना खालून हाक यायची, "मॅडम, खाली या. पंच लागते." खाली काकू कमरेवर हात ठेवून उभ्या, दूधवाला अडकवून ठेवलेला आणि काकाजी सायकलीपुढं उकिडवे. "काल दिवे लागनीले हा ओरखडा नव्हता. आज हाये. मधात काय काय झालं, ते सांगा." मधात काहीच झालेलं नसायचं. शेजारच्यांचं मांजर येऊन गेलेलं असायचं, फार तर. एकदा वरच्या दांडीवर चांगला बोटभर ओरखडा निघाला. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसावर संशय गेला, कारण तो जिन्याजवळून सिलिंडर गडगडत नेतो. काकाजी त्याला बरंच बोलले. तो बिचारा मान खाली घालून गेला.

दोन-तीन दिवसांनी काकाजींच्या लक्षात आलं, की सायकलवरून उतरताना आपल्याच पट्ट्याचं बक्कल तिथं लागतं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हे गॅसच्या गोडाऊनवर गेले, त्या माणसाला शोधून काढलं आणि तिथल्या सगळ्या माणसांसमोर म्हणाले, "त्या दिवशीचा आरोपी मीच निंगालो. तुले नाहक बोललो." त्यानंतर सायकल चालवताना त्यांनी पट्टा लावणं सोडलं. पँटीला नाडी ओवून घेतली. काकूंनी कपाळाला हात लावला, पण नाडी ओवून दिली.

ओरखडे भरायला त्यांनी नखपॉलिशचा शोध लावला होता. तसा नवीन नाही म्हणे, पुष्कळ लोक करतात. पण काकाजींना नेमका तोच पांढरा हवा. ते बांगड्यांच्या दुकानात गेले आणि दुकानात असतील तेवढे पांढरे काढायला लावले. रंग वाळल्यावर कसा दिसतो हे बघायला प्रत्येक नखावर वेगळा पांढरा लावून घेतला आणि उन्हात जाऊन हात सायकलीवर धरून बघितला. त्यातला डाव्या करंगळीवरचा जमला. बाकीचा रंग काढायचा कशानं, हे कुणी सांगितलं नाही. तसेच ते एका ओळखीच्यांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, गेले आणि पंगतीत बसले. वाढणाऱ्या पोरींनी एकमेकींना कोपरखळ्या मारलेल्या काकूंनी पाहिल्या. काकू घरी येऊन हसून हसून खाली बसल्या. मला सांगतानाही त्यांना धड बोलता येईना.

या माणसाला खोटं बोलता येत नसे. ही स्तुती नाही, तक्रार आहे. माझ्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. अमरावतीकडचं एक स्थळ आलं. मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणे आधी घरमालकांकडं चौकशी केली, मुलगी कशी आहे म्हणून. अशा वेळी माणूस काय सांगतो? साधी आहे, शांत आहे, आपल्या कामाशी काम. काकाजी म्हणाले, "पोरगी हुशार हाये. कोनाच्या अध्यात ना मध्यात. पन सकाळी उठत नाई, अन् बोलनं तिखट हाये. मले तं चालते. तुमचं तुमी पाहा." स्थळ गेलं. आईनं नाशिकहून फोनवर मला आणि काकाजींना मिळून शिव्या घातल्या. मी खाली जाऊन जाब विचारला तर म्हणाले, "मले इचारलं, मी सांगतलं. न इचारतं, तं न सांगतो." खरं सांगायचं तर मला राग आला नाही. सकाळी न उठणारी, तिखट बोलणारी बायको ज्यांना चालणार नव्हती, त्यांच्या घरी जाऊन मी काय करणार होते?

रविवारी सकाळी काकाजी लांब फेरीला जायचे. रिसोड रस्त्यानं रिठदपर्यंत. रिठद त्यांचं गाव. थोरले भाऊ तिथंच शेती करतात, हे मला माहीत होतं. रविवारी काकाजी गावी भावाकडं जातात असं मी धरून चालले होते. काकूंनी कधी दुरुस्ती केली नाही. फक्त डबा द्यायच्या नाहीत सोबत, याचं मला नवल वाटायचं.

मग एका विद्यार्थिनीच्या बहिणीच्या लग्नाला मी रिठदला गेले. जेवण आटोपून निघाले, तर गावाच्या तोंडाशी, रस्त्याकडेच्या हॉटेलात काकाजी चहा पीत होते. बसून नव्हे. बाकडं रिकामं होतं, पण सायकल भिंतीला टेकवली तर रंग घासेल, म्हणून एका हातानं सायकल धरून आणि दुसऱ्या हातात ग्लास घेऊन उभे. हॉटेलवाल्याला सवय असावी, त्यानं बशी हवी का, हेही विचारलं नाही.

"काकाजी, घरी नाही गेलात?" मी विचारलं.

"नाई जात मी गावात. गल्लीत सारी गिट्टी टाकेल हाये. बिनाकामाचा रंग सोलते."

"गिट्टी? अहो, मी आत्ता तिथूनच आले. सिमेंटचा रस्ता झालाय. गुळगुळीत, थेट देवळापर्यंत."

काकाजींनी ग्लास खाली ठेवला. "सिमेंटचा झाला?"

"झालाय की."

"कवा झाला?"

मला काय माहीत कवा झाला. पण त्यांचा चेहरा असा उतरला, की आपण काहीतरी भलतंच बोललो हे कळलं. त्यांनी एकदा गावाकडं बघितलं. मग म्हणाले, "सिमेंटवर पोट्टे लय खेळतात. हात लावतात सायकलले." आणि चहा अर्धा टाकून वाशीमकडं निघाले.

संध्याकाळी मी काकूंना खोदून विचारलं. काकू वांगी चिरत होत्या. चिरता चिरता त्यांनी सगळं सांगितलं.

गोष्ट काकाजी नोकरीत असतानाची. शेजारच्या शेतवाल्यानं धुऱ्यावरून थोरल्या भावावर दावा टाकला होता. धुरा म्हणजे बांध. असे दावे त्या भागात नवे नाहीत. समन्स काकाजींच्या गठ्ठ्यात आलं. सोबतचा बेलिफ म्हणाला, भावाचा कागद आहे, मी नेऊन देतो. काकाजी म्हणाले, "माह्या भागातला कागद हाये, मीच देईन." आणि दिला कधी, तर थोरल्या पुतणीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी. पुसदकडचे पाहुणे मांडवात बसलेले. काकू आदल्या दिवशीच येऊन स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या. काकाजी खाकी कपड्यांत, खांद्याला पिशवी, तसेच ड्युटीवरून आले. भाऊ आनंदानं उठले, म्हणाले, ये, तुझीच वाट बघतोय. आणि यांनी पिशवीतून कागद काढला.

"मोठे दादा म्हने, बस, जेव, मंग पाहू. हे म्हने, पयले सही," काकू सांगत होत्या. "पाहुने पाहून राह्यले. कोन हाये म्हने हा, कायचा कागद हाये. दादा शहाना मानूस. हसून म्हने, काई नाई, माहा लहाना भाऊ हाये, मस्करी करून राह्यला. तिथीच गोष्ट संपत होती, मॅडम. यानं फक्त हो म्हनाचं होतं. तं हे काय म्हने? म्हने, मस्करी नाई. मी कोर्टाचा बेलिफ म्हनून आलो."

भावानं सही केली. पेन खाली ठेवला. त्या दिवसापासून ते धाकट्या भावाशी बोलले नाहीत.

"साक्षगंध मोडलं?" मी घाबरून विचारलं.

"कायचं मोडते! पोरगी चांगली नांदून राह्यली, तिले नातू झाला. दावा बी कवाचा मिटला. धुरा होता तिथीच हाये. याईचं बोलनं तेवढं बंद." काकूंनी वांगी पाण्यात टाकली. "आमी जावा-जावा रोज फोनवर बोलतो. आमाले कोनी समन्स देल्लं नाई."

"मग ते दर रविवारी तिथपर्यंत जातात कशाला?"

"जाऊ वाटते म्हनून जातात. आत जाची हिंमत नाई म्हनून वापस येतात. मंधात रंगाचं नाव." त्यांनी विळी बाजूला सारली. "सायकलीवर नखाएवढं सोललं तं या मानसाले झोप येत नाई. अन् दादा तिथी म्हातारा होऊन राह्यला."

त्यानंतर मी काकाजींची थट्टा कमी केली. पूर्ण बंद नाही केली, ते मला जमलं नसतं आणि त्यांनाही आवडलं नसतं. पण रविवारी ते परत आले, की मी जिन्यात उभी राहून त्यांचा चेहरा बघायचे. गावात गेले असतील का, हे चेहऱ्यावरून कळतंच. रविवार मागून रविवार तसेच गेले.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, ते मी वाशीमलाच नीट ऐकलं; आमच्या शहरात बैल मातीचे. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घासतो, सोलतो, म्हणून त्या दिवशी हळद-तुपानं तो चोळायचा. रिठदच्या घरी ही दोन भावांची वाटणी होती. उजवा बैल थोरल्याचा, डावा धाकट्याचा. नोकरी लागल्यावरही काकाजी खांदशेकणीला गावी जायचे. त्या साक्षगंधानंतर ते सुटलं आणि थोरले भाऊ दोन्ही बैलांचे खांदे एकटे चोळू लागले.

त्या दुपारी मला सुट्टी होती. काकूंनी मला खालीच जेवायला बोलावलं होतं. काकूंचा फोन वाजला. जाऊबाई होत्या. बोलणं झाल्यावर काकूंनी पोळी वाढता वाढता, आमच्या दोघांपैकी कुणाकडंच न बघता, सांगितलं, "यंदा दादाच्या गोठ्यात बैल नाई. दोन्ही थकले होते, उन्हाळ्यात देऊन टाकले. सारं ट्रॅक्टरनं होते म्हने आता. पन सकाळपासून दादा गोठा झाडून राह्यले. मोठ्या बाईले हळद-तूप कालवाले लावलं. वाटी घेऊन बाजेवर बसेल हायेत. कोनाले लावतीन, काय मालूम."

काकाजींनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला आणि जिन्याखाली गेले. पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. जेवण अर्धं टाकून त्यांनी सायकल धुतली होती. मग अंगणातूनच हाक मारली, "मॅडम, आता काम हाये का तुमाले? पंच लागते."

"कशाला, काकाजी? ओरखडा पडला?"

"समन्स न्यायचं असन अन् समोरचा घेईन का नाई हे मालूम नसन, तं पंच सोबत घेतात. रीतच हाये."

"पण समन्स कुठं आहे?"

"मीच हाये," काकाजी म्हणाले.

काकूंनी आत जाऊन साडी बदलली, इतक्या लवकर की मला वाटतं ती बदलायला त्या कित्येक वर्षं तयारच होत्या. आम्ही निघालो. पुढं काकाजी, नाडीची पँट, पांढरी सायकल. मागं स्कूटीवर मी आणि काकू. सायकलीच्या वेगानं स्कूटी चालवणं ही शिक्षा आहे. मागून ट्रक हॉर्न देत होते, दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार उभं होतं, आणि काकू माझ्या खांद्याला धरून सारखं म्हणत होत्या, "वापस तं नाई फिरत ना? पाह्यजा, मॅडम."

हॉटेल आलं. काकाजी थांबले. हॉटेलवाल्यानं न विचारता ग्लास भरला. काकाजींनी तो हातात घेतला, नुसता धरला आणि तसाच परत ठेवला. सिमेंटच्या रस्त्यावर खरंच पोरं खेळत होती. ती सायकल बघून धावत आली, बेल वाजवली, गिअरला हात लावला, सीटवर थापा मारल्या. काकाजींनी कुणाला अडवलं नाही. सायकल हातात धरून ते चालत राहिले आणि पोरांची मिरवणूक त्यांच्यासोबत.

घराचं फाटक उघडंच होतं. डावीकडं गोठा, झाडून सारवलेला, दोन खुंट्यांना काहीच बांधलेलं नाही. समोर बाजेवर थोरले भाऊ. काकाजींपेक्षा उंच, वाळलेले, अंगात बंडी, मांडीवर पितळी वाटी. फाटकात काकाजी थांबले. पोरं मागं सरकली. दारात जाऊबाई आल्या आणि पदर तोंडाला लावून तिथंच उभ्या राहिल्या.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. आता हे म्हातारे उठून आत गेले आणि दार लावून घेतलं, तर या माणसाचा पुढचा रविवार कुठं जाईल, हेच माझ्या मनात होतं. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

थोरले भाऊ सायकलीकडं बघत होते. भावाकडं नाही. मग ते मला म्हणाले, कारण तिथं परकी मी एकटीच होते, "बाई, हे कोनाचं जनावर हाये?"

"यांचं," मी काकाजींकडं बोट केलं.

"डौलदार हाये." ते बाजेवरून उठले. गुडघे धरून, वेळ लावून उठले. वाटी घेऊन सायकलीजवळ आले, हँडलवरून, सीटवरून नजर फिरवली. "खांदा कुठी असते याले?"

हे त्यांनी कुणाला विचारलं, सांगता येणार नाही. उत्तर काकाजींनी दिलं. "इथी," म्हणाले, आणि बोट टेकवलं. "हँडलच्या खाली. वायर घासते. इथीच सोलते."

थोरल्यांनी हळदीत बोटं बुडवली. काकाजी एकदम म्हणाले, "थांब, दादा."

मला वाटलं, झालं. एवढं येऊन आता हा माणूस रंगासाठी अडवणार. पण काकाजी खाली बसले. वायरीखालच्या पारदर्शक फिल्मचं टोक त्यांनी नखानं उचललं आणि सावकाश, रंगाला न दुखवता, ती सगळी सोलून काढली. खाली रंग इतका कोरा होता की डोळ्यांवर आला. ते बाजूला सरकले.

"हं," म्हणाले.

थोरल्यांनी हळद-तूप चोळलं. बैलाचा खांदा चोळतात तसं, तळहाताच्या उंचवट्यानं, दाबून, पुन्हा पुन्हा. त्या पांढऱ्या रंगावर पिवळी धार खाली उतरत होती. काकू तोंड वळवून रडत होत्या. पोरांना मजा वाटत होती. मग थोरल्यांनी सायकलीच्या दांडीवर थाप मारली आणि खांदशेकणीच्या दिवशी बैलाच्या कानात म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

काकाजी खाली मान घालून उभे.

थोरल्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ धाकट्याकडं बघितलं. "जनावराले बोलता येत नाई. तुले तं तोंड हाये ना रे?"

"येतो, दादा," काकाजी म्हणाले.

जाऊबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला. थोरले हात धुवायला वाकले, तेव्हा कुठं त्यांचं लक्ष नीट सायकलीकडं गेलं. पांढऱ्या रंगात पिवळा डाग पंजाएवढा पसरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"पांढरं होतं रे हे," ते म्हणाले. "हळद निघन ना याची?"

काकाजींनी डागाकडं बघितलं. त्या रंगाबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढं जिल्ह्यात कुणाला नसेल.

"निघते, दादा. साध्या पान्यानं निघते."

थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं, खरं का, म्हणून. तुपातली हळद साध्या पाण्यानं निघत नसते, हे मलाही ठाऊक होतं, पण मी पंच होते. मी मान डोलावली.